नोंदणीकृत मृत्युपत्र: आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

मृत्युपत्र का करावं यावर मराठीत भरपूर वाचायला मिळतं. करणारा गेल्यावर तो कागद प्रत्यक्षात कसा चालतो, यावर फारसं कुणी लिहीत नाही. नानांचं, म्हणजे वडिलांचं, मृत्युपत्र गेले आठ-नऊ महिने मी घेऊन फिरतेय, म्हणून हा अनुभव.

मिळकत चारचौघांसारखीच. पुण्यात सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, वाई तालुक्यात थोडी शेती, बँकेतल्या ठेवी, दोन म्युच्युअल फंड, एक स्कूटर. वारस तिघं: आई, मी आणि धाकटा भाऊ. आमच्यात वाद नाही, हे आधीच सांगते. वाद असलेल्या घरात हाच कागद वेगळा वागेल.

करायला सोपं होतं. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी कायद्याने पुरतं. नानांनी तरीही दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन फोटो-अंगठ्यासकट नोंदणी केली, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला. साक्षीदार म्हणून आपल्या वयाचे मित्र न घेता दोन जुने विद्यार्थी घेतले, हे मला फार आवडलं. प्रकरण कोर्टात गेलं तर नोंदणी असूनही निदान एका साक्षीदाराला उभं राहून सांगावं लागतं, आणि पंच्याहत्तरीच्या माणसाने पंच्याहत्तरीचेच साक्षीदार घेण्यात काय अर्थ? नोंदणीचा आणखी एक फायदा नंतर कळला. करणारा हयात असेपर्यंत कार्यालयातली प्रत त्याच्या परवानगीशिवाय कुणाला मिळत नाही. गेल्यावर मृत्यूचा दाखला दाखवून अर्ज केला की मिळते. आम्ही मूळ कागद घरीच ठेवला आणि सगळीकडे प्रमाणित प्रत फिरवली.

सगळ्यात छान काम झालं शेतीचं, जिथे मला सगळ्यात जास्त धास्ती होती. नानांनी प्रत्येक जमिनीचा गट नंबर आणि क्षेत्र सातबारा समोर ठेवून लिहिलं होतं. वडिलोपार्जित जमिनीपुढे ‘यातील माझा हिस्सा’ एवढंच, कारण बाकीचं त्यांचं नव्हतंच. विकत घेतलेली जमीन वेगळ्या परिच्छेदात. तलाठी भाऊसाहेबांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय) कागद एकदाच वाचला, फेरफार धरला, हरकतीची पंधरा दिवसांची नोटीस निघाली, कुणी आलं नाही, मंडल अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. एक छोटा गट यादीतून सुटला होता. शेवटच्या ‘याव्यतिरिक्त माझ्या नावे जे काही स्थावर-जंगम निघेल ते’ या ओळीने तो सावरला. तुमच्या कागदात ही ओळ नसेल तर आजच घालून घ्या.

बँकांचा अनुभव मिश्र. ज्या ठेवींना आईचं नॉमिनेशन होतं तिथे मृत्युपत्र कुणी मागितलंही नाही. नॉमिनी नसलेल्या एका जुन्या खात्यावर मात्र ‘कोर्टाचं काहीतरी आणा’ हा धोशा महिनोन्महिने चालला. पुण्यात मृत्युपत्राला प्रोबेटची, म्हणजे ते खरं असल्याच्या कोर्टाच्या शिक्कामोर्तबाची, सक्ती नव्हतीच. मुंबई शहरातल्या मिळकतींना वर्षानुवर्षं होती, तीही २०२५च्या अखेरीस संसदेने काढली. पण काउंटरवरच्या माणसाला कायदा शिकवायला गेलं की तो जेवायला जातो. शेवटी तिघांचं हमीपत्र आणि ना-हरकत दिल्यावर पैसे सुटले.

म्युच्युअल फंडात गंमत. नॉमिनी एकटा भाऊ, मृत्युपत्रात मात्र तिघांना सारखं. फंडवाल्यांनी नॉमिनी बघितला आणि युनिट भावाच्या नावावर केले. नॉमिनी हा मालक नसतो, तो फक्त ताबा घेणारा. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही तेच सांगितलं. आमचा भाऊ सरळ म्हणून त्याने वाटणी केली. नसती केली तर हातात निकाल आणि पुढ्यात कोर्टाच्या तारखा. नॉमिनेशन आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळवून ठेवणं नानांनी राहू दिलं, आणि वकिलांनीही विचारलं नाही. वकिलांनी विचारायला हवं होतं.

आता सगळ्यात डोकेदुखी ठरलेलं कलम: फ्लॅट ‘आईस तहहयात, तिच्या पश्चात दोन्ही मुलांस समसमान’. वाचायला किती शहाणपणाचं वाटतं! म्हणजे आई सुरक्षित, मुलंही सुरक्षित. प्रत्यक्षात आईचे गुडघे गेलेत, इमारतीला लिफ्ट नाही, आणि तिला हा फ्लॅट विकून तळमजल्यावर घर घ्यायचंय. पण घर तिला फक्त हयातीपुरतं मिळालंय, पूर्ण मालकीचं नाही, म्हणून ते तिला एकटीला विकता येत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना शेअर सर्टिफिकेटवर नाव कुणाचं घालावं हेच कळेना, सर्वसाधारण सभेत त्यावर चर्चासुद्धा झाली. वकील म्हणतात तिघांनी मिळून सह्या केल्या की विक्री होईल. होईलही. पण आई मला म्हणाली, “चाळीस वर्षं हप्ते फेडले दोघांनी, आणि आता मी माझ्याच घरात भाडेकरू का गं?” याला मी काय उत्तर देणार? माझं स्पष्ट मत आहे की मुलं बरी असतील तर जोडीदाराला घर पूर्ण मालकीने द्यावं, आणि मुलं बरी नसतील तर मग नक्कीच द्यावं.

दागिन्यांच्या यादीत आईच्या पाटल्या आणि मोहनमाळही लिहिलेल्या सापडल्या. ते तिचं स्त्रीधन, नानांना कुणाला देण्याचा अधिकारच नव्हता. आम्ही हसून सोडून दिलं. स्कूटर आरटीओत फॉर्म ३१ भरून भावाच्या नावावर झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पाचपैकी साडेतीन. शेतीला पूर्ण पाच, फ्लॅटच्या कलमाला एक.

आईने आता स्वतःचं मृत्युपत्र करायला घेतलंय. फ्लॅट त्यात लिहिता येत नाही, याचा राग आहेच. पण ठेवींचे नंबर तिने स्वतः वहीत उतरवलेत, प्रत्येकापुढे नॉमिनी कोण तेही. अंमलबजावणीसाठी माझं नाव घातलंय, भावाचं नाही. ते त्याला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलंय.