लहान मुलाची थेरपी कुठे सुरू करावी? सरकारी, खाजगी की संस्था

मूल दीड-दोन वर्षांचं झालं तरी धरल्याशिवाय बसत नाही, किंवा हाक मारली तर वळून बघत नाही. डॉक्टर म्हणतात, थेरपी सुरू करा. कुठे, ते घरच्यांनीच शोधायचं. नातेवाईक म्हणतात, मोठ्या हॉस्पिटलात न्या. शेजारीण म्हणते, स्टेशनजवळ एक सेंटर उघडलंय. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मुंबईतले हे पर्याय शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

माझं मत आधीच सांगते. जिथे आईला, आजीला, जे कोणी मुलाला दिवसभर सांभाळतं त्याला खोलीत बसवून शिकवतात, ते ठिकाण चांगलं. आठवड्यातून दोनदा पाऊण तास थेरपिस्ट मुलाला बघतो. बाकी सगळा आठवडा मूल घरच्यांच्या हातात असतं.

सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं तपासणीसाठी पहिली. केईएम, सायन, नायर इथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे खाणं, कपडे घालणं अशी रोजची कामं जमावीत यासाठीची), स्पीच एकाच आवारात मिळतात. हाजी अलीला १९५५ पासूनचं केंद्र सरकारचं पुनर्वसन संस्थान आहे. पायाला आधार देणारे स्प्लिंट, कॅलिपर, चालण्याची साधनं यासाठी तिथे जावं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ साली सुरू झालेली, वाचा आणि श्रवणासाठी. मूल बोलत नसेल तर बाकी काहीही ठरवण्याआधी कानाची तपासणी करून घ्या. "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबण्यात वर्ष जातं, आणि ऐकू न येणाऱ्या मुलासाठी ते वर्ष फार मोलाचं असतं.

सरकारी ठिकाणी पैसे कमी लागतात आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा मार्गही तिथूनच जातो. अडचण गर्दीची आणि अंतराची. केसपेपर, रांग, पुढची तारीख लांबची. विरार किंवा बदलापूरहून मुलाला कडेवर घेऊन यायचं म्हणजे पूर्ण दिवस गेला. लोकलला दिव्यांगांचा डबा असतो, पण त्या डब्यापर्यंत पोचायला पुष्कळदा पूल चढावा लागतो. थकून रडणाऱ्या मुलाकडून थेरपिस्ट तरी काय करून घेणार?

खाजगी केंद्राचं बळ नेमकं इथेच. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ठरलेली वेळ, तोच थेरपिस्ट. लहान मुलासाठी सातत्य फार महत्त्वाचं, म्हणून मी या पर्यायाला कमी लेखत नाही. मात्र दर सेशनला पैसे मोजावे लागतात आणि दर्जा ठिकाणागणिक बदलतो. पॅकेजचे पैसे आगाऊ भरण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, फिजिओ आणि ओटीची राज्याच्या परिषदेकडे. स्टेम सेलने ऑटिझम बरा करून देतो असं कोणी सांगितलं तर तिथून उठून या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) त्याला मान्यता नाही.

तिसरा पर्याय संस्थांचा. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणाऱ्या) मुलांसाठी सुरू केलेली, आज 'अडॅप्ट' नावाने ओळखली जाणारी संस्था, २००१ पासूनचं 'उम्मीद' बालविकास केंद्र, बौद्धिक अक्षमतेसाठी शिवडीचं 'जय वकील'. पालकांना सोबत घेऊन काम करण्याची रीत इथे मुरलेली आहे. नंबर लागायला वेळ लागू शकतो, म्हणून नाव आधी नोंदवा आणि तोवर दुसरीकडे सुरुवात करा.

घरच्यांना शिकवणं म्हणजे नेमकं काय, ते भरवण्यावरून कळतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला पुष्कळ घरांत मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून वरण-भात भरवतात. घास श्वासनलिकेत जातो, ठसका लागतो, छातीत कफ होतो. चांगला थेरपिस्ट आईला ताट-चमचा घेऊनच बोलावतो. पाठीला आधार देऊन मुलाला सरळ बसवायचं, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून, खालच्या बाजूने आणायचा आणि ओठ मिटेपर्यंत थांबायचं. एवढं घरात सगळ्यांना जमलं तर दिवसातून तीनदा थेरपी झाली. बोलण्याचंही असंच. बिस्किटं पारदर्शक डब्यात घट्ट झाकण लावून समोर ठेवायची, मूल डबा तुमच्या हातात देईपर्यंत किंवा तुमच्याकडे बघेपर्यंत वाट बघायची, मग लगेच "उघड" म्हणत उघडून द्यायचा.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "आज घरी गेल्यावर मी काय करू?" उत्तर मिळालं तर ठिकाण योग्य. "तुम्ही बाहेर बसा, आम्ही बघतो" असंच दरवेळी ऐकू आलं तर दुसरं शोधा.

शक्य असेल तर मी जोड सुचवेन: तपासणी आणि साधनं मोठ्या सरकारी ठिकाणी, दर आठवड्याचं काम घराजवळ.

सांभाळणाऱ्या बाईच्या पाठीचंही विचारा. चार-पाच वर्षांचं मूल दिवसातून वीसदा उचलून कंबर जाते, आणि तिच्या कमरेबद्दल कोणी चौकशी करत नाही. गुडघ्यात वाकून, मुलाला अंगालगत धरून कसं उचलायचं हे फिजिओ दाखवू शकतो. आठवड्यातला एक दिवस वडिलांनी मुलाला घेऊन जावं. तिला विश्रांती मिळते आणि थेरपी बापाच्याही हातात येते.

कागदपत्रं सोबतच सुरू करा. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करता येतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात ठराविक मर्यादेपर्यंत धरतात. हे कागद यायला वेळ लागतो. तोवर थेरपी थांबवू नका.