घान गाडीतून उलुरू: मुखदर्शन की प्रदक्षिणा?

ऑस्ट्रेलियाच्या 'घान' या लांब पल्ल्याच्या रेल्वेगाडीचं बुकिंग करणाऱ्यांपैकी अनेकांना वाटतं की गाडी वाळवंटातल्या उलुरू या प्रचंड लाल खडकाच्या पायथ्याशी थांबते. तसं नाही. अ‍ॅडलेड ते डार्विन हा २,९७९ किलोमीटरचा रूळमार्ग वाळवंटातून जातो खरा, पण उलुरूला जवळचं स्टेशन म्हणजे अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, आणि तिथून रस्त्याने साडेचारशे किलोमीटर. म्हणजे उलुरू बघायचं तर वेगळी सोय करावी लागते. अशा सोयी तीन आहेत, आणि तिन्हींमध्ये बघून झाल्यावर हाती उरतं ते फार वेगळं.

पहिली सोय, अ‍ॅलिसच्या थांब्यातच छोट्या विमानाने जाऊन येणं. उत्तरेकडे जाणारी गाडी दुपारी अ‍ॅलिसला येते आणि संध्याकाळी सुटते, त्या फटीत ही सहल बसवतात. तिकिटाच्या वर वेगळे पैसे पडतात आणि ते थोडे नसतात. खिडकीतून दिसतं ते मात्र खाली उभं राहून कधीच दिसणार नाही: लाल वाळूच्या लांबच लांब टेकड्या, अमेडियस सरोवराचं पांढरं मीठ, काटा जुटा या खडकसमूहाचे ३६ घुमट आणि त्या सपाटीवर एकटाच बसलेला उलुरू. पण हे झालं मुखदर्शन. बुक करताना एकच प्रश्न नीट विचारा: विमान तिथे उतरतं, की नुसती घिरटी घालून परत फिरतं? उत्तर घिरटी असेल तर मी तरी तेवढे पैसे मोजणार नाही. एक अपवाद, बरोबर चालता न येणारं माणूस असेल तर.

दुसरी सोय बसची. गाडीच्या थांब्यात ती बसत नाही, अ‍ॅलिसला मुक्काम हवाच. पहाटे निघायचं, दक्षिणेला अर्लडंडापर्यंत, मग पश्चिमेला वळायचं, सूर्यास्त बघायचा आणि मध्यरात्रीच्या आसपास परत. नऊशे किलोमीटर, एका दिवसात. वाटेत डावीकडे सपाट माथ्याचा डोंगर दिसतो आणि अख्खी बस कॅमेरे काढते. तो माउंट कॉनर. उलुरू अजून बराच पुढे आहे. पैशाला ही सोय हलकी, शरीराला जड. आदल्या रात्री गाडीत नीट झोप लागली नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी सोय, प्रवास तोडून उलुरूजवळच्या युलाराला दोन रात्री राहणं. माझं मत हिच्याच बाजूने आहे, आणि कारण दगडातच आहे.

लांबून उलुरू गुळगुळीत दिसतो. जवळ गेलं की त्याला खवले असतात, गंज चढलेल्या पत्र्यासारखे. गंजच तो: दगडातल्या लोखंडाचा. खवला निघालेल्या जागी आत करडा रंग दिसतो. पाऊस पडला की जिथून धबधबे कोसळतात, तिथे उभे काळे पट्टे. उंची जमिनीपासून ३४८ मीटर, घेर ९.४ किलोमीटर. पायवाटेने पूर्ण प्रदक्षिणा साधारण साडेदहा किलोमीटरची, साडेतीन-चार तास लागतात. उन्हाळ्यात उजाडताच निघायचं. आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं, म्हणून आम्ही तिला मुटिजुलूच्या पाणवठ्यापर्यंतच्या छोट्या सपाट वाटेने नेलं. तिथे व्हीलचेअरही जाते. वर एवढा रणरणता प्रदेश आणि इथे झाडाची सावली, पाणी, पक्षी. परत निघायला तीच तयार नव्हती.

हा डोंगर इथल्या मूळ रहिवाशांचा, अनंगू लोकांचा. २६ ऑक्टोबर १९८५ला सरकारने त्याची मालकी त्यांना परत केली, आणि त्यांनी तो राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. चढू नका, अशी त्यांची विनंती कितीतरी वर्षं पायथ्याशी लिहिलेली होती, तरी लोक चढत राहिले. २६ ऑक्टोबर २०१९पासून चढाई कायमची बंद झाली. प्रदक्षिणेच्या वाटेवर काही ठिकाणी फोटो काढू नका असे फलक आहेत. तिथले दगडाचे आकार त्यांच्यासाठी धर्मग्रंथासारखे आहेत, आणि ते जागेवर जाऊनच बघायचे असतात. विमानातून किंवा धावत्या बसमधून हे कळायला वावच नाही.

तिसऱ्या सोयीची किंमतही सांगतो. 'घान' रोज नसते, त्यामुळे अ‍ॅलिसला उतरलात तर पुढची गाडी पकडायला बरेच दिवस थांबावं लागेल. म्हणून प्रवास अ‍ॅलिसलाच संपवा किंवा तिथून सुरू करा. युलाराला विमानतळ आहे, सिडनी-मेलबर्नहून थेट विमानं येतात. युलारात राहणं-खाणं महाग, कारण आसपास पर्यटकांना राहायला दुसरं गाव नाही. उद्यानाचं तिकीट मोठ्यांना ३८ ऑस्ट्रेलियन डॉलर, तीन दिवस चालतं. एका दिवसासाठी जाणाराही तेवढेच भरतो, हेही हिशेबात धरा. भाड्याची गाडी घेतलीत तर अंधार पडायच्या आत परता. रात्री रस्त्यावर कांगारू आणि उंट येतात.

सुट्टी मोजकीच असेल आणि अ‍ॅडलेड ते डार्विन सलगच करायचं असेल तर उलुरू सोडून द्या. अ‍ॅलिसमध्ये १८७२चं तारघर आहे, डेझर्ट पार्क आहे. चार तास छान जातात. आणि उलुरूला गेलातच, तर तोंडावर घ्यायची माश्यांची जाळी आधीच विकत घ्या. पहिल्या तासात ती हास्यास्पद वाटते, दुसऱ्या तासात जाळी नसलेले लोक तुमच्याकडे बघत असतात.