पिकअपचे रीमॅप करून पाहिले: चार महिन्यांचा अनुभव

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट माझा पिकअप आठवड्यातून चार वेळा चढतो. जाताना हॉटेलांचा भाजीपाला आणि किराणा असतो, आंबिया बहाराच्या हंगामात अमरावतीच्या बाजारासाठी संत्र्याचे क्रेट असतात आणि मधल्या दिवसांत गावातल्या गावात खत, बियाणे, पाण्याच्या टाक्या अशी किरकोळ ने-आण चालते. गाडी २०२१ सालची, म्हणजे भारत स्टेज ६ या प्रदूषण-मानकाची आहे. अडीच लिटरचे कॉमन रेल डिझेल इंजिन, नोंदणीत ७५ अश्वशक्ती आणि पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर असलेला माल, दीड टनाच्या आसपास. वॉरंटी संपल्यावर, भरलेली गाडी वळणावर दुसऱ्या गिअरमध्येच रांगते या एकाच तक्रारीला कंटाळून, मी अमरावतीतील एका कार्यशाळेत इंजिनाचे रीमॅपिंग, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील आकड्यांमध्ये बदल, करून घेतले. कार्यशाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते अशा बहुतेक दुकानांना कमी-अधिक लागू पडेल.

कामाची पद्धत पाहून मी प्रभावित झालो, हे आधी सांगितले पाहिजे. तिथल्या मुलाने लॅपटॉप जोडण्यापूर्वी गाडी तपासली, स्कॅनरवर डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरचे आकडे पाहिले, एअर फिल्टर झटकला आणि इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोपासून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजचा क्लॅम्प ढिला असल्याचे दाखवून तो बदलला. त्यानंतर डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे गाडीच्या संगणकाला बाहेरून जोडण्याच्या जागेतून, इंजिनाच्या संगणकातील मूळ फाइल काढून घेतली आणि बदललेली फाइल आत घातली. सगळे मिळून दोन तास लागले आणि १८,००० रुपये झाले. मूळ फाइल पेनड्राइव्हवर मला देण्यात आली आणि वाटेल तेव्हा गाडी पूर्ववत करून देऊ, असे बिलावर लिहून मिळाले. आपल्या भागात बिल मागितले की कपाळाला आठ्या पडणारी दुकाने अधिक असल्याने, या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो.

या फाइलमध्ये नेमके काय बदलते, हे ग्राहकाने समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कोणत्या वेगाला आणि पेडलच्या किती दाबाला किती डिझेल सोडायचे, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये दाब किती ठेवायचा, टर्बोने किती हवा भरायची आणि पिस्टन कुठे असताना फवारा मारायचा, याचे तक्ते संगणकात असतात. त्यांच्यावर दोन पहारेकरी बसवलेले असतात. एक टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या ओढीची, कमाल मर्यादा ठरवतो, आणि दुसरा आत आलेल्या हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले तर ते कापतो, म्हणजे धूर होऊ देत नाही. रीमॅप म्हणजे बहुतांशी या दोघांना थोडे मागे सरकवणे. कंपनीने ही मांडणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेपुढे चाचणी देऊन मंजूर करून घेतलेली असते, आणि आपण ज्या क्षणी ती बदलतो त्या क्षणी ती मंजुरी आपल्या गाडीला लागू राहत नाही.

फरक मात्र खरा आहे. ९५ अश्वशक्तीचा दावा मी पडताळू शकलो नाही, कारण दुकानात ताकद मोजणारे डायनो यंत्र नाही आणि त्यांनी दाखवलेला आलेख दुसऱ्याच गाडीचा होता. तरीही बाराशे किलो माल असताना ज्या चढावर आधी दुसरा गिअर सुटत नसे, तिथे गाडी तिसऱ्यावर निघू लागली, ओव्हरटेक करताना जीव टांगणीला लागणे कमी झाले आणि घाटातला वेळ आठ-दहा मिनिटांनी घटला. टाकी भरून ते पुन्हा टाकी भरेपर्यंत मोजलेले मायलेज सपाट रस्त्यावर लिटरला १२.४ वरून १३ पर्यंत गेले. पहिले तीन आठवडे मी भेटेल त्याला रीमॅपचे कौतुक सांगत होतो.

त्यानंतर फिल्टरने हिशोब मांडायला सुरुवात केली. भारत स्टेज ६ च्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. तो भरत आला की संगणक जास्तीचे डिझेल देऊन त्याचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. मोबाइलला जोडलेल्या ओबीडी डोंगलवर मी ही जाळण्याची वेळ नोंदवून ठेवत असे. रीमॅपपूर्वी ती साधारण ३५० किलोमीटरला एकदा येई. नंतर ती २२० वर आली आणि एप्रिलच्या उन्हात, भरलेल्या गाडीने घाट चढताना, १८० वर. कारण उघड आहे. वऱ्हाडात पारा ४४-४५ ला पोहोचला की हवा विरळ होते, सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो, आणि डिझेल मात्र वाढवलेल्या तक्त्याप्रमाणे पडत राहते. न जळलेल्या भागाची काजळी होते, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि त्याची झळ टर्बोला लागते. शिवाय प्रत्येक सफाईला लागणारे डिझेल टाकीतूनच जाते, त्यामुळे मे महिन्यात मायलेज पुन्हा १२.२ वर आले. गावातल्या पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत सफाई अर्धवट तुटते आणि त्या वेळी फवारलेले डिझेल थोडेथोडे ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर सरकलेली पाहून मी ठरल्या तारखेच्या आधीच ऑइल बदलले.

याच काळात मी पीयूसी काढली आणि गाडी आरामात पास झाली. मला या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत शिकवणारी गोष्ट हीच वाटते. डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे उभ्या गाडीचे पेडल दाबून नळीतल्या धुराची घनता मोजणे. भारत स्टेज ४ च्या गाडीला ती मीटरमागे १.६२ पर्यंत चालते, स्टेज ६ ला ०.७ पर्यंत. माझा फिल्टर जागेवर असल्याने नळीतून धूर आलाच नाही. नायट्रोजन ऑक्साइड तर या तपासणीत मोजलेच जात नाहीत, आणि ज्वलनाचे तापमान वाढले की नेमके तेच वाढतात. छोट्या डिझेल मोटारींसाठी स्टेज ४ ते ६ या टप्प्यात ही मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आणली गेली. ज्या वायूसाठी नियम इतका कसला, तो आपल्या पीयूसीच्या कागदावर कुठेच नाही. तेव्हा ‘पीयूसी पास आहे म्हणजे गाडी नियमात आहे’ हे दुकानदाराचे वाक्य कोणी मान्य करू नये.

सफाईची तक्रार घेऊन मी परत गेलो तेव्हा त्यांचा उपाय तयार होता. “भाऊ, डीपीएफचा डबाच मोकळा करून टाकू, ईजीआर बंद करू, लाइट बी लागनार नाई. पीयूसीचं आमी पाहतो.” ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग इंजिनात परत फिरवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा. त्यासाठी आणखी १२,००० रुपये. इथे माझे आणि त्यांचे जमले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नव्या रूपात आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना रद्द, हे वेगळेच. ही जोखीम दुकानाच्या नावावर नसून माझ्या नावावर आहे. आणि खरे बोलायचे तर दंडाचे भय हे माझे एकमेव कारण नव्हते. घाटात माझ्या मागे दुचाकीवर येणारी माणसे मोथ्याची, शहापूरची, म्हणजे ओळखीचीच असतात आणि शेवटी धूर त्यांच्या तोंडावर जाणार.

हा प्रकार आपल्याकडेच चालतो असे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० साली काढलेल्या अंदाजानुसार तिथे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. तिथला पिकअप पुष्कळदा हौसेचा असतो. आपल्याकडे रीमॅप मागणारा बहुधा ओव्हरलोडवाला असतो. दीड टनाच्या पासिंगवर अडीच टन भरायचे आणि गाडी ओढत नाही म्हणून इंजिनाला दोष द्यायचा, असे गिऱ्हाईक मी त्या दुकानात दोन तासांत तीन पाहिले. इंजिनाची ताकद लॅपटॉपने वाढते. ब्रेक, पाटे आणि क्लच प्लेट मात्र कारखान्यातून आले तेवढेच राहतात, हे उतारावर कळते. माझ्याही क्लचचा वास चौथ्या महिन्यात येऊ लागला होता.

जूनमध्ये, फिटनेसच्या आधी, मी मूळ फाइल परत टाकून घेतली. त्यांनी कुरकुर न करता अर्ध्या तासात, एक पैसाही न घेता काम करून दिले. कारागिरी आणि व्यवहार यांना मी पाचपैकी चार देईन. पण नियमांबद्दल ग्राहकाला जे सांगितले जाते त्याला एकच, आणि डबा मोकळा करण्याच्या सल्ल्याला शून्य. कोणाला हे काम करायचेच असेल तर त्याने आधी आपल्या नोंदणीतली अश्वशक्ती आणि विम्याच्या अटी वाचाव्यात, कारण न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. जुने होज, इंजेक्टर आणि एअर फिल्टर तपासून, ते ठीक करून, महिनाभर गाडी चालवून मगच फाइलचा विचार करावा.

हे मी अनुभवावरून सांगतो. मूळ फाइल परत आल्यावर गाडी पूर्वीसारखी मरगळेल अशी माझी अपेक्षा होती, परंतु ती रीमॅपपूर्वीपेक्षा बरी चढते. तीव्र वळणांवर दुसरा गिअर लागतो, बाकी घाट तिसऱ्यावर निघतो आणि वाचलेल्या दहा मिनिटांपैकी चार-पाच अजूनही वाचतात. हा फायदा तो ढिला क्लॅम्प बदलल्याचा होता. बिलात त्याची किंमत ६० रुपये लावलेली आहे.