‘सात दिवसांत बोटं तयार’वाल्यांना पैसे देऊ नका

सतार शिकणाऱ्यांच्या बोटांना झटपट घट्टे पाडून देणारं किट, अशी जाहिरात तुमच्याही मोबाइलवर आली असेल. घेऊ नका. माझे एकूण 12,739 रुपये गेले, वर तर्जनी चिरली ती वेगळीच.

निवृत्तीनंतर सतार हातात घेतली. सुरुवातीला बोटं किती सोलवटतात ते शिकणाऱ्यांना सांगायला नको. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची तार पोलादी आणि बारीक, त्यात मींड म्हणजे एकाच पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून बाजूला ओढायची. नुसत्या सरगमला बोट कसंबसं टिकतं, मींडेला कातडीच निघते. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात वर्गातल्या सगळ्यांना वाजवायचं होतं आणि सर एवढंच म्हणत, "रोज थोडं थोडं वाजवा, होतील बोटं." अशा वेळी कोणी उपाय आहे म्हटलं तर माणूस ऐकणारच.

किटचे 1,499 रुपये. त्यात एक बाटली आणि पांढरी पूड. नंतर फोन आला, "ताई, तुमची स्किन सॉफ्ट आहे, स्ट्राँगवालं लागेल," त्याचे 3,250. बाटलीला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा भपकारा. लावलं की बोट पांढरं पडून ताठ व्हायचं आणि मला वाटायचं, आला घट्टा. तो घट्टा नव्हताच, कातडी वाळून कडक झाली होती. खरा घट्टा सततच्या दाबाने आणि घासण्याने थरावर थर चढून होतो, त्याला काही आठवडे लागतात आणि त्याला थोडी लवचीकता असते. वाळलेली कातडी मींडेला उभी चिरली आणि तार थेट चिरेत गेली. पडद्यावर रक्त.

जाहिरातीतला तो फोटो आठवला की अजून संताप येतो. ‘सतारवादकाचा हात’ म्हणून दाखवलेला डावा पंजा, आणि घट्टे चारही बोटांवर, करंगळीवरसुद्धा! सतारीला डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट एवढीच काय ती झिजतात. तो हात गिटारवाल्याचा होता. हे मी रोज वर्गात पाहत होते, तरी फोटोकडे बघताना डोळ्यांपुढे फक्त कार्यक्रमाची तारीख होती. तेवढ्याच घाईवर ही माणसं जगतात.

पैसे परत मागितले तर किटवाला अगदी गोड आवाजात "हो ताई, लगेच" म्हणाला आणि क्यूआर पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, रिफंड जमा होईल. 7,990 रुपये गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मलाही माहीत आहे. पण बोटाला पट्टी, समोरचा फोन ठेवू देत नाही, "टाइमआउट होईल, पटकन" चाललेलं, त्यात कोणाला सुचतं?

बँकेत गेले, तर "पिन तुम्हीच टाकलाय" म्हणून विषय संपला. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर पुढच्या खात्यातली रक्कम अडवता येऊ शकते, एवढं एक वाक्य तिथल्या कोणाच्या तोंडून निघालं नाही. पोलीस ठाण्यात "सायबरला जा", सायबरवाले म्हणाले, "आधी तुमच्या हद्दीत अर्ज द्या." अर्ज घेणाऱ्याने "काकू, घट्टे पाडायचं औषध?" असं म्हणून शेजारच्याला बोलावून दाखवलं आणि दोघं हसले. बाटली घेऊन आणखी एका कचेरीत गेले. बाटलीवर उत्पादकाचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, म्हणूनच तर तक्रार होती! तिथे मला बिल मागितलं. चोर बिल देतो का? फसलेल्या माणसालाच प्रत्येक टेबलावर पुन्हा पुन्हा गुन्हेगारासारखं उभं करतात, आणि ठगाचा फोन क्रमांक तोवर बंद झालेला असतो.

ज्यांची बोटं आत्ता दुखताहेत त्यांनी बोटाला स्पिरिट, तुरटी, फेविक्विक काहीही लावू नका. आंघोळ किंवा भांडी झाल्यावर लगेच वाजवायला बसू नका, ओली मऊ कातडी सोलते. डबीत कापूस ठेवून त्यावर खोबरेल तेलाचे थेंब घाला, मींडेआधी बोट त्यावर टेकवा, तार सरकते. सतारवाल्यांकडे ही डबी असतेच, मी सरांना विचारायला लाजले. गंजलेली तार आधी बदला. घट्ट्याची कड सुटली तर ओढू नका, बारीक पॉलिश पेपरने घासा. चीर पडली की वाजवणं बंद, भरेपर्यंत. मधुमेह असेल तर जखम डॉक्टरांना दाखवाच.

आणि अशी बाटली घरी आली असेल तर फेकू नका. पाकिटावरचं कुरिअरचं लेबल, चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सगळ्याचे फोटो काढून ठेवा आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. मला ती दुसऱ्या खेपेला मिळाली, तीही आवाज चढवल्यावर.