समुद्राला पाच स्टार, रिसेप्शनला दोन

आधीच सांगते, मी ग्रुप टूरवाली नाही. तिकीट स्वतः बघते, हॉटेल स्वतः बुक करते आणि तिथे गेल्यावर एकटीच आपली भटकते. त्यामुळे कुणी टूर कंपनीबरोबर या रिसॉर्टला जाऊन आलं असेल आणि त्यांना सगळं झकास वाटलं असेल तर ते खोटं बोलत नाहीयेत, पण त्यांचा अनुभव आणि माझा अनुभव एक असूच शकत नाही, कारण हे हॉटेल मुळात ग्रुपसाठी चालवलंय आणि एकटं कुणी आलं की त्याचं करायचं काय हेच यांना कळत नाही.

चेक-इन दुपारी दोनचं. मी वेळेत पोचले तर लॉबीत बसमधून उतरलेली अख्खी जत्रा, आणि त्यांची की-कार्डं आधीच नावं टाकून पाकिटात तयार. मला मात्र "मॅडम, रूम क्लीन होतेय, जरा बसा". बसले. तीन वाजून गेले तरी क्लीनच होतेय. आता यामागचं गणित मला माहितीये, टूरवाले सीझन सुरू व्हायच्या आधीच रूम्सचा कोटा धरून ठेवतात आणि बुकिंग साइटवरून एकेकटे येणाऱ्यांना उरल्यासुरल्यातून देतात, सगळीकडे थोडंफार असंच असतं. पण निदान तोंड भरून सॉरी तरी म्हणा ना!

शेवटी जी रूम मिळाली ती तळमजल्यावर, किचनच्या मागच्या अंगाला. बुकिंगवर "सी व्ह्यू" लिहिलेलं. तर सी व्ह्यू आहे, नाही असं नाही, बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन रेलिंगवरून वाकलं की दोन झाडांच्या मधून निळी पट्टी दिसते. तुम्ही बुक करताना "सी फेसिंग" किंवा "सी फ्रंट" लिहिलंय का ते बघून घ्या आणि तेही मेलवर कन्फर्म करून घ्या.

रूम स्वच्छ होती, हे मान्य. बेड चांगला, बाथरूमला पाण्याचं प्रेशर उत्तम. पण खाऱ्या वाऱ्याने धातूच्या वस्तूंची वाट लागलेली, एसीच्या बाहेरच्या युनिटला गंज, आणि बाल्कनीचं सरकतं दार तर जागचं हलेना. समुद्राकाठी हे होणारच, पण मग मेंटेनन्सही तसा ठेवायला नको का? रिसेप्शनला दोनदा सांगितलं, "पाठवतो". कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हाउसकीपिंगच्या मावशी आल्या, त्यांना नुसतं म्हटलं दार अडकतंय, तर त्यांनी काय करावं, ट्रॉलीतली साबणाची छोटी वडी काढली, आधी जुन्या ब्रशने रुळातली वाळू आणि मीठ खरवडून काढलं आणि मग वडी कोरडीच रुळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत घासली. दार एका बोटाने सरकायला लागलं! दोन मिनिटांचं काम. पाच स्टार मी खरं तर या बाईंना देतेय.

एकट्या माणसाला यांच्याकडे कुठे कुठे टोचतं ते सांगते. रूमचं भाडं दोघांचं, कारण रेट रूमचाच असतो, ठीक आहे, पण ब्रेकफास्ट एकाचाच. बोटीवरच्या स्नॉर्केलिंगला "मिनिमम दोन जण", म्हणजे दुसरं कुणी नाव देईपर्यंत डेस्कवर हेलपाटे घाला. की-कार्ड एकच मिळणार, आणि ते दाराजवळच्या खाचेतून काढलं की रूमची सगळी लाइट बंद, म्हणजे मी बीचवर असताना ना फ्रिज चालू ना पॉवर बँक चार्ज होणार. जोडप्यांना दोन कार्डं देतात, एक खाचेत ठेवून ती मजेत फिरतात. मी दुसरं मागितलं तर पॉलिसी नाही म्हणे. डायनिंग हॉलमध्येही एकटं दिसलं की नेऊन बसवतात किचनच्या झुलत्या दाराशेजारी, मी दोन जेवणं सहन केली, मग सरळ जाऊन खिडकीपाशी बसायला लागले, कुणी काही बोललं नाही.

बुफे ठीकठाक. सुरू होता होता गेलात तर सगळं गरम आणि शांतता, ग्रुप उतरले की टोस्टरपुढेसुद्धा रांग. पूलजवळच्या खुर्च्यांवर लोक उजाडायच्या आत टॉवेल टाकून जातात, "अर्ध्या तासानंतर टॉवेल काढले जातील" अशी पाटी आहे, काढत कुणीच नाही.

आता समुद्र. इथे मात्र माझी एका शब्दाची तक्रार नाही. रुंद किनारा, मऊ वाळू, रोज पहाटे साफ केलेली, आणि लाइफगार्ड नावापुरता नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, नुसता लाल लागला की पाण्यात जायचं नाही, आणि खरंच कुणी गेलं तर शिट्टी मारून बाहेर काढतो, मग तो कितीही मोठा गेस्ट असो. मी त्याला विचारलं की पलीकडे लाटा कमी दिसतायत तिथे का नाही पोहू देत, तर त्याने वाळूत बोटाने रेघा काढून दाखवलं, दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा शांत दिसतोय ना, तिथूनच पाणी परत आत खेचलं जातं. सापडलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर या, नाहीतर तरंगत राहून हात वर करा. ही माहिती चेक-इनलाच प्रत्येकाच्या हातात द्यायला हवी, तिथे देतात काय तर स्पाचं ब्रोशर!

भरती-ओहोटीचा तक्ता मात्र कुठेच लावलेला नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी मस्त पाणी होतं म्हणून उद्या त्याच वेळी मिळेल असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर उधाणात पाणी पार पायऱ्यांपर्यंत येतं आणि ओहोटीला इतकं आत जातं की खडकांवरून चालत जावं लागतं. चपला घाला.

तर जायचं का? दिवसभर पाण्यात आणि वाळूत पडून राहायचं असेल आणि हॉटेलकडून फक्त पलंग हवा असेल तर बिनधास्त जा. वरचा मजला मागा, आणि पूल बारच्या बाजूची रूम नको म्हणून सांगा, तिथे रात्री उशिरापर्यंत गाणी चालू असतात. आणि चेक-इनला कार्डवर डिपॉझिट ब्लॉक करतात त्याची पावती जपून ठेवा, माझे पैसे सुटायला आठवडा उलटून गेला आणि प्रत्येक मेलला त्यांचं उत्तर एकच, "बँकेशी बोला".