चार हँडलं आणि १७,९०० रुपये

माझी गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याला तिचं उत्पादन बंद होऊन दोन तपं उलटली, तेव्हा पार्टची काय बोंब आहे ते गाडीवाल्यांना सांगायला नको. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मी कॉर्क शीटमधून घरीच कापतो, बुश लेथवाल्याकडून काढून घेतो. पण दाराची हँडलं मझाकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची, क्रोम पापुद्र्यांनी सुटलेलं. ते घरी होण्यातलं नव्हतं. 'हुबेहूब नवी ओतून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती चारही ठेवली. चारही! एक घरी ठेवायला काय झालं होतं?

पॅटर्नचे (ज्यावरून साचा उठवतात त्या नमुन्याचे) ३,५००, ओतकामाचे ८,०००, क्रोमचे ६,४००. सगळे आगाऊ, यूपीआयने. बिल मागितलं तर म्हणाला, "काका, जीएसटी तुमच्याच अंगावर येईल." मी मान डोलावली.

त्याने 'माझ्या हातचं' म्हणून एक हँडल दाखवलं होतं. उलटं केलं तर आतल्या बाजूला उठावाची अक्षरं, कडा नखाला लागतील इतक्या धारदार. वाळूच्या साच्यात अक्षरं अशी येत नाहीत, बुजट येतात. मी फाउंड्रीत २२ वर्षं काढलीत हो! ते कंपनीच्या धातूच्या साच्यातलं मूळचंच हँडल होतं, क्रोम तेवढं नवं. बहुधा माझ्याआधीच्या कुणा गाढवाचं. अक्षरांवरून अंगठा फिरला, खटकलंही, आणि मी म्हणालो, "वा, सफाईदार काम आहे." लिहितानाही कान तापतात. वर्षभर शोधून थकलो होतो, आणि त्याचं बोलणं अस्सल कारागिराचं होतं, एवढीच माझी बाजू.

पुढचं ठरलेलंच. भट्टी बंद, मग गावाला, मग आई दवाखान्यात. पन्नासाव्या दिवशी कुरिअरने एक तुकडा आला: ॲल्युमिनियमचा, हलका, भोकं दोन मिलिमीटर चुकलेली. मूळ हँडलच वाळूत दाबलेलं. थंड होताना ॲल्युमिनियम सव्वा टक्का आकसतं, पॅटर्न तेवढं मोठं धरायचं, हे शिकाऊ पोरालाही कळतं. त्यानंतर फोन बंद.

चौकीत म्हणाले, दिवाणी मामला. यूपीआय म्हटल्यावर सायबरकडे धाडलं. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला, वस्तू तुम्हीच हातात दिलीत, आमच्याकडे येत नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. परत चौकी. अर्जाची पोच मिळायला दोन खेपा! हँडलांची किंमत काय लिहू विचारलं, तर हवालदार हसून म्हणाला, "भंगारात किलोवर मिळतील की." बाहेर माझी गाडी उभी, काच खाली ठेवून आत हात घातल्याशिवाय दार उघडत नाही. त्याचीही त्याला मजा वाटली.

नमुना एकच द्या, खूण कोरून, फोटो काढून. आलेल्या मालाचं वजन करा, मझाक ॲल्युमिनियमच्या जवळपास अडीचपट जड असतं. कच्चं ओतकाम व्हर्निअरने मोजल्याशिवाय क्रोमचा रुपया सोडू नका. आणि भट्टी डोळ्यांनी बघा, मी दुकानातला चहा पिऊन परतलो.

माझ्या मागच्या डाव्या हँडलाला आतून पान्याची तिरकी खरड आहे, अर्ध्या इंचाची. 'नवा बनवलेला सेट' म्हणून कोणी दाखवला तर आधी उलटा करून बघा.