बुद्धिमापन केंद्राचा अनुभव: चाचणी घ्यावी, मेंदूचा रंगीत नकाशा घेऊ नये

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिची उत्तरे बरोबर असतात, पण पेपर मात्र अर्धा राहतो. शाळेतून ‘मुलगी मंद आहे का, एकदा तपासून घ्या’ असा निरोप आला, तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरून तिला अलकापुरीकडच्या एका खासगी केंद्रात नेले. बुद्धिमापन, प्रतिक्रिया-काल आणि ‘ब्रेन मॅपिंग’ अशा तीन भागांचे तिथे साडेसहा हजार रुपये घेतात. अशी पॅकेजे आता ठिकठिकाणी मिळतात आणि माझे म्हणणे पॅकेजबद्दल आहे, म्हणून केंद्राचे नाव देत नाही.

बुद्धिमापनाबद्दल माझे मत फार चांगले आहे. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांच्या बुद्धिचाचणीचे मराठी आणि कानडी रूपांतर केले. बिने-कामत नावाची तीच चाचणी मुलीने मराठीतून दिली. घरात मराठी, शेजारी गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशा मुलांना प्रश्न कोणत्या भाषेत विचारला जातो, याला फार महत्त्व असते. चाचणी घेणाऱ्या ताईंनी आधी तिच्याशी पंधरा मिनिटे नुसत्या गप्पा मारल्या आणि मग ‘तुला घाई नाही, बाळ, विचार करून सांग’ म्हणून सुरुवात केली. शब्दार्थ आणि तर्काच्या प्रश्नांत ती वयाच्या पुढे निघाली. पेन्सिल हातात घ्यावी लागली, की मात्र रेंगाळत होती. ताईंनी तिची बोटे पेन्सिलवर कशी बसतात ते वाकून पाहिले आणि वहीत टिपून घेतले.

प्रतिक्रिया-कालाची पेटी साधी आहे. खालच्या बटणावर बोट दाबून ठेवायचे, समोरच्या चार दिव्यांपैकी एक लागला की बोट उचलून त्याच्याजवळचे बटण दाबायचे. अशा चाळीस फेऱ्या झाल्या. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हाची फेरी बाद केली, हे मला आवडले. पेटी दोन वेळा वेगवेगळ्या नोंदते: दिवा लागल्यापासून बोट उचलेपर्यंतचा निर्णयाचा वेळ आणि तिथून दुसऱ्या बटणापर्यंत पोहोचण्याचा हालचालीचा वेळ. मुलीचा निर्णयाचा वेळ त्याच पेटीवर तपासलेल्या तिच्या वयाच्या इतर मुलांइतकाच होता. हालचालीचा वेळ मात्र बराच जास्त होता. म्हणजे अडचण विचारात नसून हातात असावी. शाळेच्या निरोपाचे इतके नेमके उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळाले नसते.

छापील अहवालात मात्र या दोन्ही वेळा एकत्र करून त्यावरून ‘बौद्धिक क्षमता मध्यमपेक्षा कमी’ असा शेरा मारलेला आहे, आणि हा दोष मी गंभीर मानते. मनाचा वेग आणि बुद्धी यांचा संबंध शोधण्याचा प्रयत्न जुना आहे. फ्रान्सिस गाल्टन १८८४ साली लंडनच्या प्रदर्शनात तीन पेन्स घेऊन लोकांचे असे मोजमाप करीत असत. १९०१ साली कोलंबिया विद्यापीठात क्लार्क विस्लर यांना प्रतिक्रिया-काल आणि विद्यार्थ्यांचे गुण यांच्यात जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही, आणि हा विषय बराच काळ मागे पडला. संबंध आहे, हे पुढे नीट दिसले: इयान डिअरी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्कॉटलंडमधील साधारण छप्पन वर्षांच्या ९०० माणसांत, चार पर्यायांच्या प्रतिक्रिया-कालाचा बुद्धिचाचणीशी सहसंबंध उणे ०.४९ आला, म्हणजे वेळ जितका कमी, तितके चाचणीचे गुण साधारणपणे जास्त. समूहाच्या अभ्यासात ही मोठी गोष्ट आहे. पण एका माणसापुरता हिशेब करून पाहावा. बुद्ध्यंकाचे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात ते, १५ धरले, तर काहीच माहीत नसताना केलेला अंदाज साधारण १५ गुणांनी चुकतो आणि प्रतिक्रिया-काल कळल्यावर तो साधारण १३ गुणांनी चुकतो. एवढ्याशा आधारावर अकरा वर्षांच्या मुलीबद्दल शेरा लिहिणे मला अन्यायाचे वाटते.

ब्रेन मॅपिंगवर खर्च करू नये, असे मी स्पष्ट सांगेन. हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी पहिल्यांदा नोंदवल्या, त्याच तंत्राची म्हणजे ईईजीची ही टोपी असते. फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी ही तपासणी अत्यंत मोलाची आहे. इथे मुलीला दहा मिनिटे डोळे मिटून बसवले. टोपीखाली लावलेले जेल भुवईवर ओघळत होते आणि तिच्या पापण्या सारख्या फडफडत होत्या. पापणी हलली की कपाळावरच्या इलेक्ट्रोडमध्ये मेंदूच्या लहरींहून कितीतरी मोठी लाट उमटते. अहवालातल्या नकाशात नेमका कपाळाचा भाग लालभडक आहे आणि त्याखाली ‘अतिसक्रिय, एकाग्रता कमी’ असे लिहिले आहे. डावी बाजू निळी, म्हणजे कमी सक्रिय, म्हणून ‘तर्कशक्ती कमी’. पापण्यांचा परिणाम वगळला का, असे विचारले, तेव्हा संगणक आपोआप करतो, एवढेच उत्तर मिळाले.

शिवाय मेंदू जास्त सक्रिय म्हणजे जास्त बुद्धी, हे गृहीतही टिकत नाही. रिचर्ड हायर यांच्या १९८८ च्या अभ्यासात आकृत्यांची कोडी सोडवताना ज्यांना अधिक गुण मिळाले, त्यांच्या मेंदूने ग्लुकोज कमी वापरले होते. तो अभ्यास अवघ्या आठ जणांचा होता, आणि काम किती अवघड आहे त्यानुसार चित्र बदलते, असे पुढच्या संशोधनात दिसले. आमची मुलगी तर काहीच सोडवत नव्हती. तुलना कोणत्या वयाच्या, कुठल्या मुलांशी केली, हेही अहवालात नाही. याच शहरातील सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी आपल्याकडच्या बाळांना तपासून विकासाचे मापदंड बसवले. अशा शहरात तरी ही चूक होऊ नये, असे मनापासून वाटते.

कर्मचारी सौजन्याने वागतात, वेळ पाळतात, वाहन लावायला जागा आहे. अहवाल आठ दिवसांत मिळतो. माझ्या लेखी विनंतीवरून त्यांनी चाळीसही फेऱ्यांच्या वेळा वेगळ्या छापून दिल्या आणि ताईंनी हस्ताक्षराच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली. शाळेत मी हेच दोन कागद दिले. फक्त चाचणी आणि पेटी घेतली, तर अठ्ठावीसशे रुपये पडतात. हा दर फलकावर लावलेला नाही. काउंटरवर विचारावा लागतो.